सांगायचंच तर सांगते : सेलम अभिवाचनाच्या नोंदी

२ मे २०२५

गट पक्का झाला. वाचणारे पाच, ध्वनी-प्रकाशाला एक मुलगा आणि संहिता माझी. अवधी ५५ मिनिटं. विषय सेलम, मॅसॅच्युसेट्स (आजच्या अमेरिकेतलं), १६९२ : जादूटोण्याच्या आरोपावरून चाललेले खटले. तिथल्या चौकशांचे कागद आजही शिल्लक आहेत. प्रश्न, उत्तर, मध्येच कारकुनाचा शेरा. मला एवढंच करायचं आहे की त्या बायकांनी दिलेली उत्तरं मराठीत आणायची आणि सरळ वाचायची. वेशभूषा नको, फासाचा दोर नको, पार्श्वसंगीत नको.

पहिल्याच बैठकीत 'जाळलं' हा शब्द तीनदा आला. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिली, त्यांत १४ बायका आणि ५ पुरुष. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने खटल्याला उभं राहायला नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत गेले आणि त्यात तो मेला. निदान पाच जण तुरुंगातच मेले. हे आकडे सगळ्यांच्या वहीत लिहून घेतले. आपल्या डोक्यातलं सेलम आधी पुसायला हवं, ते सगळं गोष्टींतून आलेलं आहे.

६ मे

आजचा दिवस एका शब्दात गेला. 'चेटकीण' म्हटलं की आमच्या पिढीला बालनाट्यातली लांब नाकाची बाई दिसते, जिला बघून मुलं खिदळतात. पर्याय म्हणून मी 'डाकीण' सुचवला. गटातली एक मुलगी शहाद्याकडची. ती म्हणाली, "ताई, हा शब्द आमच्याकडे गोष्टीतला नाही. बाईला डाकीण म्हटलं की तिचं त्या गावात राहणं संपतं." मी गप्प झाले. सातपुड्यातल्या पाड्यांवर आजही बायकांना हे भोगावं लागतं. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो काही पुराणकाळासाठी नव्हे. हा शब्द ज्यांच्या अंगावर येतो त्यांच्याकडून तो उसना घेऊन सेलमच्या बायकांना चिकटवायचा नाही. त्यावर स्वतंत्र काम व्हायला हवं, आणि ते तिकडच्या बायकांबरोबर बसून.

'चेटकीण'च ठेवला. पण पहिल्यांदा तो मॅजिस्ट्रेटच्या (चौकशी घेणाऱ्या न्यायाधिकाऱ्याच्या) तोंडून येईल, आवाज न चढवता, रोजच्या कामातला शब्द असावा तसा.

११ मे

इंग्रजी कागदात सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत 'तू' की 'तुम्ही' हे ठरवल्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. आधी याचा त्रास वाटला, मग लक्षात आलं की इंग्रजीत जे झाकलेलं राहतं ते आपल्याला उघड करावंच लागतं.

मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न सारा गुडला 'तू' म्हणेल. ती दारोदार मागून खाणारी. वडिलांच्या मालमत्तेतला वाटा हाती आला नाही, पहिल्या नवऱ्याचं कर्ज मात्र अंगावर आलं. दुसऱ्या नवऱ्याबरोबर राहायला घर नाही. ७१ वर्षांच्या रिबेका नर्सला तो 'तुम्ही' म्हणेल, कारण ती चर्चमधली मानाची बाई आहे. चौकशी पुढे सरकते तसा तो 'तुम्ही' गळून पडावा असं दादांना वाटतं (हॅथॉर्न तेच वाचणार आहेत). मी नको म्हटलं. शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत म्हणतच तिला फासापर्यंत नेऊ दे, ते जास्त अंगावर येतं.

रिबेकाला आडनावाने हाक मारता येत नाही. 'नर्सबाई' म्हटलं की दवाखाना डोळ्यांपुढे येतो. 'रिबेकाबाई' करायचं ठरलं.

१५ मे

१ मार्च १६९२. सारा गुडची चौकशी. पूर्ण मसुदा झाला आणि वाचूनही पाहिला. पहिले प्रश्न सोपे आहेत. कोणत्या दुष्ट आत्म्याशी तुझी जवळीक आहे? कुठल्याच नाही. सैतानाशी करार केलास? नाही. मुलींना (गावातल्या, छळ होतो म्हणून आरोप करणाऱ्या) का छळतेस? यावर ती म्हणते, मी नाही छळत, आणि वर 'आय स्कॉर्न इट' असे तीन शब्द. 'मला त्याचा तिरस्कार आहे' हे पुस्तकी झालं. काकू (निवृत्त शिक्षिका, सारा त्याच वाचतात) सहज म्हणाल्या, "शी! असलं मी करत नाही." तेच ठेवलं.

मग खरी जागा येते. हॅथॉर्न विचारतो, लोकांच्या दारातून परत जाताना तू काय पुटपुटतेस? म्हणजे भीक नाकारली की पुटपुटत जाते, आणि मग त्या घरातली गाय मरते, हा आरोप. ती म्हणते, "सांगायचंच तर सांगते." तो म्हणतो, सांग. ती पुन्हा, "सांगायचंच तर सांगते, देवाच्या आज्ञा म्हणते. देवाच्या आज्ञा म्हणायला मला बंदी नसावी." कोणती आज्ञा? "सांगायचंच तर सांगते, स्तोत्र आहे ते." कारकून लिहितो की बराच वेळ गेल्यावर तिने एका स्तोत्राचा काही भाग कसाबसा पुटपुटला.

तीन वेळा तेच वाक्य. आधी मी तिन्ही वेळा वेगवेगळं भाषांतर केलं होतं, कानाला बरं लागावं म्हणून. ते सगळं काढून टाकलं. भर सभेत अडवलेली बाई एकाच वाक्याला धरून उभी राहते, तिला ते वाक्य तिन्ही वेळा मिळालं पाहिजे.

पुढे विचारतात, तू कोणाची सेवा करतेस? देवाची. कोणत्या देवाची? "ज्याने आकाश आणि पृथ्वी केली त्या देवाची." लगेच खाली कारकुनाचा शेरा : ही देवाचं नाव घ्यायला तयार नव्हती. वरच्याच ओळीत तिने ते घेतलेलं आहे, त्याच माणसाच्या हस्ताक्षरात. त्याखाली नवऱ्याचं म्हणणं नोंदलंय की ती चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी त्याला भीती वाटते.

शेरा दादांनी न वाचता दुसऱ्या कोणी वाचावा. कारकुनाचा आवाज वेगळा हवा. हा माणूस ऐकत होता आणि तरी त्याने हे लिहिलं.

२१ मे

सेलमवरच्या आर्थर मिलरच्या नाटकावरून वाद झाला. होणारच होता. 'द क्रूसिबल' २२ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं, मॅकार्थीच्या, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकण्याच्या मोहिमेच्या काळात, आणि त्या काळाविरुद्ध ते मोठ्या धैर्याने बोललं. ते मी मानते. आमच्यातल्या तिघांनी सेलम पहिल्यांदा ऐकलं ते त्या नाटकामुळेच.

पण खऱ्या कागदांत आरोप करणारी ॲबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची पोर आहे आणि फाशी गेलेला जॉन प्रॉक्टर साठीचा माणूस. नाटकात ती १७ वर्षांची झाली, तो पस्तिशीतला झाला आणि दोघांमध्ये देहसंबंध आला. तिचं वय वाढवल्याचं मिलरने स्वतःच नमूद केलं आहे. त्याला ते स्वातंत्र्य होतंच. पण परिणाम काय झाला? गावातली जमिनीची भांडणं, पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या पगाराचा आणि सरपणाचा तंटा, उत्तर सीमेवरच्या लढायांतून होरपळून आलेली माणसं, हे सगळं मागे सरकलं आणि पुढे उरली एक नाकारलेली पोरगी जी सूड उगवते. १४ बायका फासावर गेल्या, आणि जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात राहिला तो एका पुरुषाचा अंतरात्मा. त्याच्या नावासाठी आपण रडतो. त्या चौदा जणींतली मार्था कॅरियर भर चौकशीत म्हणाली होती, "भान हरपलेल्या या पोरींचं तुम्ही ऐकता, लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे ही." तिचं हे वाक्य किती जणांना माहीत आहे?

रानात मुली नाचतात तो प्रवेश 'सुरुवातीला तरी' घ्यावा अशी सूचना आली. असा नाच कागदांत कुठेही नाही. घेणार नाही.

२७ मे

टिटूबा. पॅरिसच्या घरातली गुलाम बाई. कागदांत तिच्या नावापुढे 'इंडियन' आहे, म्हणजे अमेरिकेतली मूलनिवासी. १८६८ साली अमेरिकी कवी लाँगफेलोने आपल्या नाटकात तिला एका काळ्या मांत्रिकाची मुलगी केलं आणि तेव्हापासून ती काळी होत गेली, पुढे जंगलात मुलींना मंत्र शिकवू लागली. कागदांत असं काहीही नाही. राईचं पीठ आणि मुलींची लघवी मिसळून भाकरी करायची आणि कुत्र्याला घालायची हा तोडगा शेजारच्या मेरी सिब्लीने सुचवला होता. ती गोरी, इंग्रज, चर्चची सभासद. तिला भर चर्चमध्ये चुकीची कबुली द्यावी लागली, एवढ्यावर भागलं. गोष्टींत मात्र सगळी जादू टिटूबाच्या पदरात पडली.

मरीझ काँदे या ग्वादलूपच्या लेखिकेने १९८६ च्या फ्रेंच कादंबरीत तिला बालपण दिलं, आई दिली, राग दिला. तिथेही ती आफ्रिकी वंशाचीच आहे. पण ती कादंबरी तिच्या बाजूची आहे, आणि कागद जिथे थांबतात तिथून पुढे तिला घेऊन जाते. कल्पित लेखनाने हे जरूर करावं. माझा आक्षेप कल्पनेला नाही, बाईचं बोलणं काढून घेणाऱ्या कल्पनेला आहे.

टिटूबाने कबुली दिली आणि ती वाचली. सेलमचा न्याय असा उलटा होता : कबूल केलं की जीव वाचायचा, नाही म्हटलं की फास. पॅरिसने तिच्या तुरुंगाचं देणं भरलं नाही. भरलं ते दुसऱ्याच कोणी, आणि तिला घेऊन गेला. पुढे कागद नाही. आमच्या संहितेतही तिथे काही नसेल, दहा सेकंद शांतता.

३ जून

ब्रिजेट बिशप, सर्वांत आधी फाशी गेलेली. लाल चोळी घालणारी, गुत्ता चालवणारी, रंगेल बाई अशी तिची प्रतिमा पुस्तकांतून कित्येक वर्षं चालत आली. गुत्ता चालवणारी दुसरीच होती, सारा बिशप. आडनावामुळे दोघींची सरमिसळ झाली. ब्रिजेट स्वतः चौकशीत सांगते की या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही, या जागी मी कधी आलेलेही नाही. ती साधं खरं बोलत होती.

तिचं दुसरं वाक्य : "चेटकीण म्हणजे काय ते मला ठाऊक नाही." यावर हॅथॉर्न, मग तू चेटकीण नाहीस हे तुला कसं ठाऊक? या प्रश्नानंतर लगेच पुढे जायचं नाही. दादा अजून घाई करतात.

९ जून

आज काम थांबवावं लागलं.

सारा गुडची मुलगी डॉरथी, वय ४-५. वॉरंटवर नावही चुकीचं आहे, डॉर्कस. तिलाही पकडलं. तिने सांगितलं की माझ्याकडे एक छोटा साप आहे आणि तो बोटातून रक्त पितो, आणि बोट पुढे केलं. पिसू चावल्याएवढा लाल ठिपका. एका पाद्रीने तो गांभीर्याने लिहून ठेवला.

तुरुंगाधिकाऱ्याच्या हिशेबात सारा गुड आणि सारा ऑस्बोर्न यांच्यासाठी साखळ्या, १४ शिलिंग. सारा गुडच्या मुलासाठी २ पांघरुणं, १० शिलिंग. कोणतं मूल ते लिहिलेलं नाही. तिच्याजवळ एक तान्हंही होतं, ते तिच्या फाशीआधी तुरुंगातच वारलं. १७१० साली नवऱ्याने भरपाईचा अर्ज केला. त्यात तो लिहितो की मुलगी ७-८ महिने कोठडीत साखळीला होती, इतकी घाबरली की तेव्हापासून तिला स्वतःला सांभाळण्याइतकी समज उरलेली नाही, आणि तिचा खर्च फार येतो. त्याला ३० पौंड मिळाले. हाच नवरा, १ मार्चचा.

सापाची ओळ वाचायची कोणी? शहाद्याच्या मुलीने लहान पोरीच्या आवाजात वाचून पाहिलं. खूप छान वाचलं तिने, म्हणूनच नको वाटलं. लोक त्या आवाजावर रडतील आणि हिशेब ऐकणार नाहीत. शेवटी ठरलं की डॉरथीचं काहीही कुणी 'वाचणार' नाही. कारकुनाचा आवाज हिशेब वाचेल. साखळ्या, १४ शिलिंग. पांघरुणं, १० शिलिंग. तेवढंच.

काकू त्यानंतर उठून बाहेर गेल्या. आज पुढचं घेतलं नाही.

१६ जून

पाऊस. दोघंच आले. आरोपी सुझॅना मार्टिनचं चौकशीतलं हसणं घेतलं. हॅथॉर्न विचारतो, हसतेस कशाला? "असल्या मूर्खपणाला हसू नको तर काय करू?" जमलं.

२१ जून

१९ जुलै १६९२. फासाखाली पाद्री निकोलस नॉइज सारा गुडला शेवटचं सांगतो की कबूल कर, तू चेटकीण आहेस. तिचं उत्तर रॉबर्ट केलेफने १७०० साली छापलं : तुम्ही खोटं बोलता, तुम्ही जितके चेटके तितकीच मी चेटकीण, आणि माझा जीव घ्याल तर देव तुम्हाला रक्त पाजेल.

नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८५१ च्या 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' या कादंबरीत हेच वाक्य वापरलं. मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न हा त्याचा खापरपणजोबा. त्या घराण्याचं ओझं त्याला होतं, आणि त्याने ते प्रामाणिकपणे उचललं. पण वाक्य दिलं कोणाला? मॅथ्यू मॉल नावाच्या कल्पित पुरुषाला. फासावरून तो कर्नल पिंचनकडे बोट दाखवून म्हणतो, देव त्याला रक्त पाजेल. पुढे कर्नल खुर्चीत मेलेला सापडतो, गळपट्ट्यावर रक्त. शाप खरा ठरतो.

मागून खाणाऱ्या बाईकडे आयुष्याच्या शेवटी स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य होतं. तेही गेलं.

२४ जून

रात्री झोप नव्हती म्हणून बायबल उघडलं. प्रकटीकरण, अध्याय १६, ओवी ६. माझ्या शब्दांत : त्यांनी पवित्र जनांचं आणि संदेष्ट्यांचं रक्त सांडलं, म्हणून तू त्यांना रक्त प्यायला दिलंस, ते त्याच लायकीचे आहेत.

म्हणजे तो शाप नव्हताच! ते शास्त्रवचन होतं. पाद्रीच्या तोंडावर त्याच्याच ग्रंथातली ओळ तिने फेकली, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती कुठली हे समजलं असणार. मार्चमध्ये जिला एक स्तोत्र धड म्हणता आलं नाही म्हणून जिच्यावर संशय घेतला, ती जुलैत फासाखाली अचूक वचन म्हणते आहे. पुढच्या गोष्टींनी त्याचा शाप केला. आणि शाप खरा ठरला की ती चेटकीण ठरते. सेलममध्ये लोक पुढे सांगत राहिले की नॉइज तोंडातून रक्त येऊन मेला. आमच्या मसुद्यात मी ते शेवटाला ठेवलं होतं, सभागृहात शहारा यावा म्हणून. काढलं. कोर्टाला जे तिच्यावर सिद्ध करायचं होतं ते मीच करून देत होते.

१ जुलै

अडचण उरते ती अशी की आपल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना ही ओवी ओळखू येणार नाही. टीप सांगत बसलो तर फासाचा क्षण जातो. उपाय : अगदी सुरुवातीला, पहिल्या चौकशीच्याही आधी, ती ओवी शांतपणे वाचायची, अध्याय आणि ओवीचा क्रमांक सांगून. मग पन्नास मिनिटांनी ती साराच्या तोंडी आली की ज्याचे कान जागे असतील त्याला लागेल.

दुसरा वाद 'तुम्ही'चा. साराने सगळीकडे 'तुम्ही' म्हटलंय. फासाखालीही? काकू ठाम होत्या : "मरताना ती त्याला अहो-जाहो करणार नाही." मी दोन दिवस घेतले, कारण ही माझी भर ठरेल अशी भीती होती. पण इंग्रजी 'यू'मधून काहीतरी एक निवडावंच लागतं, आणि 'तुम्ही' ठेवणं हीसुद्धा निवडच. तर असं :

"तू खोटारडा आहेस. तू जितका चेटक्या, तितकीच मी चेटकीण. माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त पाजेल."

१० जुलै

१९ जुलैचं सभागृह गेलं, दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं असं आज कळलं. फार वाईट वाटलं. २० तारीख मिळाली. तारखेचा हट्ट सोडला. तसंही १६९२ ची ती १९ जुलै जुन्या कालगणनेतली, आजच्या हिशेबाने २९.

शेवटच्या दोन मिनिटांत काय, ते ठरलं. १९५७ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने निर्दोषत्वाचा ठराव केला, त्यात ॲन प्युडिएटर हे एकच नाव आणि पुढे 'इतर काही व्यक्ती'. ब्रिजेट बिशपसह पाच जणींची नावं कायद्यात यायला २००१ उजाडलं. एलिझाबेथ जॉन्सन राहून गेलीच होती. तिला फाशी झाली नव्हती, पण दोषी ठरवलेलं होतं. आठवीच्या मुलांनी त्यांच्या शिक्षिकेबरोबर पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिचं नाव दोषमुक्त झालं. नावं आणि सालं तेवढी वाचायची.

२० जुलै

झालं. ५८ मिनिटं. पाऊस असूनही खुर्च्या भरल्या, मागे काही जण उभे.

ब्रिजेटच्या प्रश्नानंतर दादा थांबले, पहिल्यांदाच. सुझॅनाच्या उत्तराला लोक मोकळे हसले आणि पुढच्याच ओळीला एकदम गप्प झाले. हिशेबाच्या वेळी कारकून वाचणाऱ्याचा आवाज 'पांघरुणं'वर हलला, तेवढं राहिलं. साराची शेवटची ओळ काकूंनी आवाज अजिबात न चढवता म्हटली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मान वर करून शेजारणीला हळूच म्हटलं, "सुरुवातीला वाचलं ना हे?" मला ते विंगेत ऐकू आलं.

२२ जुलै

दुरुस्त्या. सुरुवातीची ओवी अजून सावकाश. 'मॅजिस्ट्रेट' एकदा समजावून सांगायला हवं, दोघांनी विचारलं. फाशी गेलेल्या मेरी ईस्टीच्या अर्जातली ओळ ("माझ्या जिवासाठी मागत नाही, मला मरायचंय हे मला ठाऊक आहे, आणखी निरपराध रक्त सांडू नये") फार भरकन गेली, ती पुन्हा बसवायची.

एक मोठी चूक माझी. १४ जणींपैकी काहींचं फक्त नाव आलं, बोलणं नाही. विल्मट रेडचं तरी यायला हवं होतं. मार्बलहेडच्या कोळ्याची बायको. चौकशीत पोरी तिच्यासमोर लोळत होत्या आणि तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, यांना काय झालंय असं तुला वाटतं? ती म्हणाली, "माझ्या मते त्यांची अवस्था फार वाईट आहे." दुसरं काहीही बोलायला ती तयार झाली नाही. पुढच्या प्रयोगाला सुझॅनानंतर ही ओळ घ्यायची. शहाद्याची मुलगी वाचेल.